बोनेट गार होईपर्यंत

जुनी डिझेल गाडी बघायला जायचं असेल तर विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करून एकच गोष्ट बजावायची असते. आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. आमच्या मिस्त्रींनी मला हे तीनदा सांगितलं, मी कराडच्या सरांना दोनदा सांगितलं, आणि सर निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे त्यांनी ते एकदाही ऐकलं नाही. उभी हयात दुसऱ्यांना सूचना देण्यात गेली की सूचना घेण्याचा सराव राहत नाही.

मी, मेहुणा आणि मिस्त्री असे तिघं पहाटे चारला पुण्यातून निघालो. 'गाडी बघणं म्हणजे मुलगी बघणंच, दाजी' हा विनोद मेहुण्यानं खंबाटकी घाट येईपर्यंत चार वेळा केला. चौथ्यांदा मिस्त्री म्हणाले, "मुलगीसुद्धा आपल्याला बघत असते. गाडी बघत नाही." त्यानंतर कराडपर्यंत शांतता होती.

साडेसातला पोचलो. गाडी अंगणात धुऊनपुसून उभी, वायपरखाली झेंडूचं फूल. सर हसतमुखानं सामोरे आले. "तुमचा खोळंबा नको म्हणून सहालाच एक चक्कर मारून आणली. आता बघा कशी हाफ सेल्फला सुरू होते!"

मिस्त्रींनी बोनेटवर तळहात ठेवला. शाळेतून लवकर घरी आलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते, तसा. मग हात काढला, पँटला पुसला, म्हणाले, "ताप आहे," आणि ओट्यावर जाऊन बसले.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. पेट्रोलच्या इंजिनात प्लग ठिणगी टाकतो, डिझेलमध्ये तशी ठिणगीच नसते. आत घेतलेली हवा सतरा-अठरा पट दाबायची, ती दाबूनच इतकी तापते की तिच्यात उडवलेलं डिझेल आपलं आपण पेटतं. म्हणजे सगळी मदार दाबावर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, दाब कुठून तरी निसटायला लागला, की म्हाताऱ्या माणसासारखं पहाटेच्या गारठ्यात इंजिनाला उठवत नाही. एकदा तापलं की मात्र तेच इंजिन दिवसभर तरणं असल्यासारखं पळतं. म्हणून डिझेल गाडीचं खरं वय फक्त सकाळी कळतं. सरांनी नेमकी तीच सकाळ खर्च करून टाकली होती.

"किती वेळ लागेल गार व्हायला?" मी विचारलं.

"खरं बघायचं तर रात्र जायला पाहिजे."

"वरून पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या तर?" मेहुणा म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच गार झाला.

"मग राहा की!" सर म्हणाले. "हाय काय त्यात!" आणि आत आवाज दिला, "अगं, तीन पानं वाढीव."

आम्ही नको-नको म्हणेपर्यंत पोह्यांच्या बशा आल्या.

ही गाडी मी का बघत होतो? माझा पगार आणि नव्या गाडीची किंमत यांची गाठ पडण्याची चिन्हं नव्हती म्हणून. त्यामुळे दोन महिने मी मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचत होतो. या जाहिरातींची एक स्वतंत्र मराठी आहे. 'डॉक्टरची गाडी' असं लिहिलेलं असतं, जणू डॉक्टर रोज सकाळी तिचा रक्तदाब बघत होते. 'फक्त घेणाऱ्यानेच फोन करावा.' 'एक रुपयाचं काम नाही.' हे वाक्य मी तीन ठिकाणी पडताळून पाहिलं आहे आणि ते शब्दशः खरं असतं. काम एक रुपयाचं नसतंच, चाळीस हजारांचं असतं. आणि सगळ्यात शेवटी, 'किंमत फिक्स. थोडंफार बसून बोलू.' फिक्स किंमत उभ्याची असते, बसलं की ती हलते, असा याचा अर्थ.

माझ्या आजोबांनी बैल घ्यायचे तेव्हा या भानगडी वेगळ्या होत्या, असं मला वाटायचं. ते पुसेगावच्या यात्रेतल्या बाजाराला जायचे. लहानपणी एकदा मलाही नेलं होतं. आजोबा बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. वय दातांत लिहिलेलं, खाडाखोड नाही. पण व्यापारीही काही कमी नव्हते. शिंगं तासून, तेल चोपडून म्हातारा बैल असा चकचकीत करायचे की तो स्वतःलाच ओळखत नसावा. सरांच्या गाडीच्या टायरलाही असंच काळं पॉलिश मारलेलं होतं. आजोबा बैलाला चालवून बघायचे, खोड कुठली ते विचारायचे, भोवरा कुठे पडलाय ते बघायचे. चुकीच्या जागी भोवरा असेल तर बैल सोन्याचा असला तरी परत. आता भोवऱ्याच्या जागी नंबरप्लेट आली आहे. माझ्या एका सहकाऱ्यानं आकड्यांची बेरीज आठ येते म्हणून चांगली गाडी सोडली होती. आठ म्हणजे शनी. सरांच्या एमएच-50 च्या पुढची बेरीज मी गुपचूप केली. पाच आली. बरं वाटलं. मी हे मानत नाही, पण बरं वाटलं.

आणि सौदा व्हायचा तो टॉवेलखाली. दोघं टॉवेलखाली हात घालणार, एकमेकांची बोटं धरणार, दाबणार, सोडणार, तोंडातून अवाक्षर नाही. बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळू नये म्हणून. मी बाजूलाच उभा होतो, त्यामुळे मला आठवतो तो फक्त हलणारा टॉवेल.

असो. इंजिन तापलेलं असलं तरी बाकीची गाडी बघायला हरकत नव्हती. पोहे संपवून मिस्त्री उठले.

"टायर नवीन आहेत," सर म्हणाले.

मिस्त्री उकिडवे बसले, टायरच्या कडेवरचं पॉलिश अंगठ्यानं पुसलं आणि चार आकडे वाचले. 1419. म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. "नवीनच आहेत," ते मला म्हणाले, "पण तेव्हाचे नवीन."

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची बारीक खूण असते. पाच काचा 2013 च्या, डाव्या मागच्या दाराची एकटी 2017 ची. अपघात! मेहुण्याचा चेहरा उजळला. पहाटे चारपासून तो याच क्षणाची वाट बघत होता. पण सरांनी जागच्या जागी खुलासा केला. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली ओव्हरटेक करताना बाहेर आलेला एक ऊस काच फोडून थेट मागच्या सीटवर आला. "कुणाला लागलं नाही ना?" मी विचारलं. "नाही. खाल्ला आम्ही तो," सर म्हणाले. मिस्त्रींनी त्या दाराचं रबर उपसून आतल्या वेल्डिंगचे ठिपके बघितले, बोनेटच्या बिजागरीच्या नटांना कधी पाना लागलाय का ते बघितलं, खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवला. रंगाखाली पुट्टी भरलेली असली की चुंबक धरत नाही. सगळीकडे टकटक चिकटला. मेहुणा हिरमुसला.

पण एवढ्यानं तो हरणारा नव्हता. "2019 च्या पुरात भिजली होती का?" त्यानं एकदम विचारलं. कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गावात हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. सरांचा चेहरा कडक झाला. "आमचं घर उंचावर आहे," ते म्हणाले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, शेवटच्या टोकापर्यंत. पुरात भिजलेली गाडी कितीही धुवा, बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्टीवर गढूळ पाण्याची रेघ राहतेच, कारण तिथपर्यंत बेल्ट कुणी ओढतच नाही. रेघ नव्हती. मग पायाखालचा गालिचा उचलून त्यांनी वास घेतला. मग डिकीतली स्टेपनी काढली. खालच्या खड्ड्यात गाळ नव्हता. होत्या मूठभर भुईमुगाच्या शेंगा, लहान मुलाची एक चप्पल आणि रजत महोत्सवाचा बिल्ला. चप्पल बघून आतून सरांच्या सूनबाई बाहेर आल्या. "सापडली का!" चप्पल ज्याची होती तो आता सातवीत आहे म्हणे.

आणि मग आलं मीटर. 1,84,312 किलोमीटर.

मी खचलोच. दोन महिन्यांत पाहिलेल्या बारा-तेरा वर्षांच्या एकाही डिझेल गाडीनं सत्तर हजारांचा आकडा ओलांडलेला नव्हता. मिस्त्री हसले. "साहेब, डिझेल घेतो कोण? ज्याचं फिरणं आहे तो. जास्तीचे पैसे भरून गाडी घ्यायची आणि दारात उभी करायची, असा येडा कराडात सोडा, पुण्यातसुद्धा नसतो. ती सत्तर हजारवाली सगळी मीटर पाडलेली. हे मीटर खरं आहे." मग त्यांनी क्लचच्या पेडलचं रबर दाखवलं. डावीकडून झिजून गुळगुळीत. मीटर मागे नेता येतं, पेडलच्या रबराला ती सोय नाही. माझ्या डोळ्यांसमोर बैलाचे दात आले.

"कशाला रबर बघताय?" म्हणत सर आत गेले आणि बांधणी केलेली जाडजूड वही घेऊन आले. तारीख, मीटर, लिटर, दर, रक्कम, अ‍ॅव्हरेज. मे 2013 पासून प्रत्येक टाकी. समास लाल शाईचा. अ‍ॅव्हरेज अठराच्या खाली गेला की बाजूला लाल शेरा. 'घाटरस्ता.' 'एसी.' 'सुनेचे माहेर.' मी पानं चाळत राहिलो. पहिल्या पानांवर डिझेलचा दर महिन्याला जेमतेम अर्ध्या रुपयानं चढत गेलेला, वर्गात दर इयत्तेला पोरं चढतात तसा. त्या काळात सरकार डिझेलचा भाव महिन्याला 50 पैशांनी वाढवू देत होतं. पेट्रोल-डिझेलमधली लिटरमागची पंचवीस-तीस रुपयांची दरी बघूनच अर्ध्या महाराष्ट्रानं डिझेल गाड्या घेतल्या होत्या, आणि गाड्यांचे हप्ते सुरू झाले तशी दरी बुजत गेली. ऑक्टोबर 2014 मध्ये दर नियंत्रणमुक्त झाला. वहीत त्या महिन्यापुढे सरांनी नुसतं उद्गारचिन्ह काढलंय.

मेहुणा अजून मीटरपाशीच होता. "सर," तो म्हणाला, "यात काही कमी नाही का होणार?" किमतीत नव्हे, किलोमीटरमध्ये.

बारा वाजता जेवण. भाकरी, आमटी, खरडा. मिस्त्रींनी मधूनच उठून बोनेटला हात लावून यायचं, सगळ्यांनी घास थांबवून त्यांच्याकडे बघायचं, त्यांनी मान हलवायची, "कोमट," आणि पुन्हा जेवण सुरू. जेवताना सर इंजिनाबद्दल बोलत होते. 1248 सीसीचं ते इंजिन मूळचं फियाटचं. आपल्याकडे ते स्विफ्टमध्ये आलं, पुंटोमध्ये आलं, इंडिका व्हिस्टामध्येही आलं. एकाच आईची लेकरं वेगवेगळ्या आडनावांच्या घरी दत्तक गेल्यासारखी. टायमिंगला पट्टा नाही, साखळी. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 चे नियम आले आणि मारुतीनं डिझेल बनवणंच थांबवलं. "नवीन डिझेल म्हणजे मॅटवरचे पैलवान," मिस्त्री म्हणाले. "सेन्सर, फिल्टर, गावातल्या गावात फिरवलं की फिल्टर तुंबला. ही म्हणजे मातीतली." खाशाबा जाधवांच्या तालुक्यात हे बोलल्यामुळे त्यांच्या पानात आणखी एक भाकरी पडली.

दुपारी मेहुण्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं की हे इंजिन ज्यानं शोधलं, तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली जहाजानं इंग्लंडला निघाला आणि रात्रीत जहाजावरून नाहीसा झाला. ओट्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मिस्त्रींनी विचारलं, "टोकन घेतलं होतं का कुणाकडून?"

तीनच्या चहाला घात झाला. सरांच्या सौभाग्यवतींनी मला सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" मी खटाव तालुक्यातलं गाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांची मावसबहीण माझ्या चुलत आत्याची जाऊ निघाली. आता झालं. परक्याला 'तीन लाख चाळीस फार होतात' असं तोंडावर सांगता येतं. आत्याच्या जावेच्या मावसबहिणीच्या घरी तिसऱ्यांदा चहा पीत असताना ते जिभेवर येत नाही. गाडी तासातासानं गार होत होती आणि घरातली ऊब त्याच चालीनं वाढत होती. मला आता वाटतं, सरांनी इंजिन तापवलं ते अनवधानानं नव्हे. पण हे मी सिद्ध करू शकत नाही.

रात्री पिठलं-भात. मिस्त्रींनी गाडीची किल्ली मागून घेतली आणि बाज टाकली ती थेट बंपरला लावून. "रात्रीत कुणी सुरू केली तर?" या शंकेवर सर दुखावले, पण त्यांचे वडील, अण्णा, खुश झाले. नव्वदीला टेकलेले अण्णा दिवसभर खुर्चीतून नुसतं बघत होते. "शाना माणूस हाय," ते म्हणाले. "आमी बी बैल घ्यायच्या आदल्या राती गोठ्यातच झोपायचो. न्हाईतर पेंड चारून पोट फुगवत्यात."

पहाटे साडेपाचला सगळं घर अंगणात. थंडी मस्त पडली होती. सूनबाईंनी सातवीतल्या मुलालाही उठवून आणलं होतं. मिस्त्रींनी बोनेटवर हात ठेवला आणि पहिल्यांदा समाधानानं मान डोलावली. थंडगार. किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. हीटर प्लग तापतोय, थांबा, असं तो सांगतो. सगळे थांबलो. दिवा विझला. मिस्त्रींनी किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा घसा खाकरला आणि तिसऱ्याला सुरू झालं. खडखड, खडखड, मग एका लयीत.

सगळे धावत मागे. मिस्त्रींनी आधीच पढवून ठेवलं होतं. पांढरा धूर निघून गेला तर थंडीचा, राहिला तर खर्चाचा. निळा म्हणजे ऑइल खातंय. काळा म्हणजे डिझेल पचत नाहीये. पांढरा भपकारा निघाला. मुलगा मोठ्यानं आकडे मोजायला लागला. एक, दोन, तीन... अकराला धूर विरला. मिस्त्री पुढे गेले, बोनेट उघडलं आणि चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण फिरवून काढलं. रिंगा झिजलेल्या असल्या की दाब खाली उतरून या तोंडातून वर फुसफुसतो. मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यांनी झाकण उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवलं. आम्ही पाच-सहा डोकी त्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर वाकलो. झाकण थरथरलं. जरासं सरकलं. उडालं नाही.

"वयाच्या मानानं चांगलंय," मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी अण्णांकडे बघून म्हटलं की झाकणाकडे, ते कळलं नाही.

चक्कर झाली. दोन हजार आरपीएमपर्यंत गाडी झोपेत, पुढे टर्बो जागा होऊन ढकलतो. चढावर चौथ्यात दाबली तर ओढली, म्हणजे क्लच ठीक. डावीकडून सस्पेन्शनचा टकटक आवाज. आरसीवर बँकेचा बोजा अजून चढलेलाच होता, कर्ज 2018 ला फिटूनही. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 द्यायचं सरांनी कबूल केलं, 29 आणि 30 तर त्यांनी सही करून, तारखेची जागा सोडून, फायलीत लावूनच ठेवले होते. मिस्त्रींनी मला कोपऱ्यात घेतलं. टायर, सस्पेन्शन, पंधरा वर्षांच्या पासिंगमधली उरलेली तीनच वर्षं. "पावणेतीनच्या वर जाऊ नका. आणि साहेब, तोंड उघडा. काल दिवसभर तुम्ही फक्त जेवायला उघडलंय."

मी ओट्यावर आलो. खाकरलो. "सर, गाडी चांगली आहे, पण टायर..."

"घरात भाव करायचा न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. "घाला."

मी घातला. आत त्यांच्या कोरड्या, कणखर बोटांनी माझी तीन बोटं धरली. मग सोडली. मग एक धरलं आणि मध्येच दाबलं. मी घाबरून त्यांची दोन बोटं धरली. ते हसले, मान हलवली, माझा अंगठा उलटा केला, आणखी काहीतरी दाबलं. मी जे हाताला लागलं ते दाबलं. ओट्याखाली तो सातवीतला मुलगा टक लावून बघत होता. त्याला दिसत असणार तो फक्त टॉवेल.

"जमलं!" अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सरांनी देवापुढची साखर आणली. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मेहुणा माझ्या कानाला लागला. "दाजी, कितीला?"

"बघू," मी म्हणालो, "थोडंफार बसून बोलू."